‘द स्कोप ऑफ हॅपिनेस’मधील वैधव्याचे प्रकरण

राजकारणात वावरलेल्या व्यक्तींच्या आत्मचरित्रांकडे अभ्यासक बहुधा इतिहासाचे एक साधन म्हणून पाहतात. कोणती घटना केव्हा घडली, कोणत्या निर्णयामागे कोणता हेतू होता, कोणाचे कोणाशी पटत होते, ह्या प्रश्नांची उत्तरे त्यांत शोधली जातात. आणि ती सापडली, की ग्रंथ पुन्हा कपाटात जातो. श्रीमती विजयालक्ष्मी पंडित ह्यांचे १९७९ साली प्रसिद्ध झालेले ‘द स्कोप ऑफ हॅपिनेस’ हे इंग्रजी आत्मचरित्र ह्या रीतीला अपवाद ठरलेले नाही. मोतीलाल नेहरूंची कन्या, जवाहरलाल नेहरूंची बहीण आणि इंदिरा गांधींची आत्या ह्या तीन नात्यांसाठी ते वाचले जाते. किंवा मॉस्को, वॉशिंग्टन व लंडन येथील राजदूतपदांच्या हकीकतीसाठी वाचले जाते. ह्या दोन्ही प्रकारच्या वाचनांत मधला एक दुवा निसटतो. १४ जानेवारी १९४४ रोजी लखनौ येथे रणजित सीताराम पंडित ह्यांचे निधन झाले आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षात असलेल्या विजयालक्ष्मीबाई तीन मुलींसह विधवा झाल्या. ग्रंथाच्या विस्ताराच्या मानाने ह्या प्रकरणाला मिळालेली जागा थोडी आहे. परंतु ग्रंथाची नैतिक घडण त्याच प्रकरणावर उभी आहे आणि ग्रंथाची मर्यादाही तेथेच दिसते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम नावाचाच विचार करणे इष्ट ठरेल. नेहरूंच्या घरी १९०० साली जन्मलेल्या ह्या कन्येचे नाव स्वरूपकुमारी असे होते. १० मे १९२१ रोजी अलाहाबाद येथे विवाह झाल्यावर सासरच्या रिवाजाप्रमाणे तिचे नाव बदलण्यात आले. लग्नात वधूचे नाव बदलण्याची चाल मराठी वाचकाला नवीन नाही. पंडितांचे घराणे मूळचे कोकणातील सारस्वतांचे. पुढे ते राजकोटास स्थायिक झाले. संस्कृत विद्येचा वारसा ह्या घराण्यात होता. ‘गौडवहो’ आणि ‘रघुवंश’ ह्यांचे संपादक शंकर पांडुरंग पंडित हे ह्याच घराण्यातले. ज्या नावाने ही स्त्री संयुक्त राष्ट्रसंघाच्या व्यासपीठावर ओळखली गेली, ते नाव व आडनाव अशा रीतीने दोन्ही सासरची देणगी होती. तिची सार्वजनिक ओळख मात्र सदैव माहेरची राहिली. ह्या विसंगतीचे मोल १९४४ साली कळून आले. प्रतिष्ठा नेहरूंच्या घरातून मिळालेली होती; वारसाहक्काचा निवाडा मात्र पंडितांच्या एकत्र कुटुंबाच्या नियमांनी व्हावयाचा होता.

रणजित पंडित हे बॅरिस्टर. कलकत्त्यातील वकिली सोडून ते काँग्रेसच्या कार्यात पडले आणि वारंवार तुरुंगात गेले. त्यांची मूळ प्रवृत्ती विद्याव्यासंगाची होती. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९३५ साली जवाहरलालांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. त्या अनुवादाचे पुष्कळसे काम तुरुंगात झालेले होते. ‘मुद्राराक्षस’ आणि ‘ऋतुसंहार’ ह्यांचेही इंग्रजी अनुवाद त्यांच्या नावावर आहेत. अल्मोड्याजवळील खाली येथील डोंगरात बाग फुलवावी, ग्रंथांत रमावे, अशी वृत्ती असलेल्या ह्या गृहस्थाने राजकारण पत्करले ते कर्तव्य म्हणून. आत्मचरित्रात त्यांचे जे चित्र उमटते ते स्नेहाने भरलेले आहे. परंतु त्या स्नेहात एक प्रकारची रुखरुखही आहे. नेहरूंच्या घरात पडलेल्या ह्या जावयाचे स्वतंत्र व्यक्तिमत्त्व त्या घराच्या तेजापुढे झाकोळून गेले, ह्याची जाणीव लेखिकेला आहे. १९४२ च्या आंदोलनातील कारावासाने त्यांची प्रकृती पार ढासळली. आजारी अवस्थेत त्यांची सुटका झाली, पण ते त्या दुखण्यातून उठले नाहीत. त्या वेळी जवाहरलाल अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध होते; थोरल्या दोन्ही मुली, चंद्रलेखा व नयनतारा, १९४३ पासून शिक्षणासाठी अमेरिकेत होत्या. ज्या प्रसंगी माणसाला घरच्यांचा आधार लागतो, त्या प्रसंगी घर चहूकडे पांगलेले होते.

ह्या ठिकाणी श्रीमती पंडित ह्यांच्या आधीच्या एका लहानशा पुस्तकाची आठवण करणे आवश्यक आहे. ‘प्रिझन डेज’ ही त्यांची तुरुंगातील दैनंदिनी १९४५ साली प्रसिद्ध झाली. ऑगस्ट १९४२ मध्ये झालेल्या अटकेनंतरचे नैनी तुरुंगातील दिवस त्यात नोंदलेले आहेत. पुतणी इंदिरा आणि कन्या चंद्रलेखा ह्याही त्याच तुरुंगात होत्या. दैनंदिनीत उन्हाळा, अन्न, निद्रानाश, बराकीतील कलह आणि साध्या कैदी स्त्रियांची दुःखे ह्यांच्या नोंदी येतात. ते लेखन घटनेला लगटून आहे. त्यामुळे त्यात चिडचीड आहे, कंटाळा आहे, क्वचित स्वतःवरचा रागही आहे. आत्मचरित्र सुमारे साडेतीन दशकांनंतरचे. त्यात प्रत्येक अनुभव निवून, गाळून, एका सुसंस्कृत निवेदनाच्या साच्यात बसवलेला आहे. दैनंदिनी पतीच्या हयातीत लिहिली गेली आणि त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. आत्मचरित्रात तो मृत्यू हा भूतकाळ झालेला आहे. वैधव्याच्या पहिल्या महिन्यांची अशी दैनंदिनी वाचकाच्या हाती नाही. त्या अनुभवाचे जे रूप ह्या ग्रंथात मिळते ते शांत झालेल्या स्मृतीचे आहे, हे ध्यानात ठेवूनच पुढील प्रकरणाचा विचार केला पाहिजे.

पतीच्या मृत्यूनंतर काय घडले, ह्याचा आत्मचरित्रातील सारांश असा. रणजित पंडित ह्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. मालमत्ता एकत्र कुटुंबाची मानली गेली. पुत्र नसलेल्या विधवेला तीवर हक्क सांगता येईना. मुलींना तर नाहीच नाही. पतीच्या भावाने कायद्याने आपल्याला दिलेला अधिकार बजावला आणि एका प्रथितयश घराण्यातील स्त्रीवर चरितार्थाचा प्रश्न ओढवला. ही हकीकत लेखिकेच्या बाजूने सांगितलेली आहे, हे उघड आहे. शिवाय ती कायद्याचे भाष्य म्हणून लिहिलेली नाही. मिताक्षरा पद्धतीत एकत्र कुटुंबातील मृत पुरुषाचा हिस्सा हयात पुरुष सहदायादांकडे जात असे आणि विधवेच्या वाट्याला केवळ पोटगी येई. मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख ह्यांनी पुढाकार घेऊन संमत करविलेल्या १९३७ च्या अधिनियमाने विधवेला पतीच्या हिश्शाइतका हितसंबंध मिळाला. पण तो तिच्या हयातीपुरता व मर्यादित स्वरूपाचा होता, आणि मुलींना त्याने काहीच दिले नाही. कागदावरचा असा मर्यादित हक्क आणि प्रत्यक्ष हाती येणारा पैसा ह्यांत किती अंतर असते, हे ह्या प्रकरणावरून समजते. कायद्याच्या अभ्यासकाने आत्मचरित्रातील विधान तपासून घ्यावे, हे योग्यच. परंतु विधवेला जे अनुभवास आले ते त्या तपासणीने खोटे ठरत नाही.

ह्या प्रसंगातील उपरोध तीव्र आहे. १९३७ साली संयुक्त प्रांताच्या मंत्रिमंडळात श्रीमती पंडित स्थानिक स्वराज्य व आरोग्य ह्या खात्यांच्या मंत्री झाल्या होत्या. १९४१ ते १९४३ ह्या काळात त्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा होत्या. आणि हिंदू स्त्रियांच्या वारसाहक्कातील सुधारणा हा त्या परिषदेच्या मागण्यांतील एक प्रमुख विषय होता. प्रांताचा कारभार पाहिलेली आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेची धुरा वाहिलेली ही स्त्री पतिनिधनाच्या दुसऱ्या दिवशी, कायद्याच्या दृष्टीने, दुसऱ्याच्या कुटुंबातील एक आश्रित ठरली. पद, विद्या, घराणे ह्यांपैकी कशाचाही वारसा-कायद्यापुढे उपयोग झाला नाही. योगायोग असा की, हिंदू कायद्याच्या संहितीकरणासाठी बेनेगल नरसिंह राव ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीचे पुनरुज्जीवनही १९४४ सालीच झाले. ज्या प्रश्नाची समिती चौकशी करीत होती, त्याचे एक ठळक उदाहरण अलाहाबादेत समोर उभे होते.

आत्मचरित्रकार ह्या अनुभवाचे काय करते, हा समीक्षेचा खरा प्रश्न आहे. येथे गांधीजींच्या भेटीचा प्रसंग येतो. १९४४ च्या अखेरीस अमेरिकेस जाण्यापूर्वी विजयालक्ष्मीबाई गांधीजींचा निरोप घेण्यास गेल्या. सासरच्या मंडळींशी समेट केला काय, असे त्यांनी विचारले. आपण कोणाशी भांडलेलो नाही. परंतु जुनाट कायद्याचा लाभ उठविणाऱ्यांशी संबंध ठेवण्याची आपली इच्छा नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. त्यावर गांधीजींनी, जाण्यापूर्वी त्या मंडळींना भेटून निरोप घेण्यास सांगितले. माणसाचे खरे नुकसान दुसरा कोणी करू शकत नाही, ते ज्याचे तोच करून घेतो, ही त्यांची शिकवण होती. विजयालक्ष्मीबाईंच्या मनाची प्रथम तयारी नव्हती. अखेर त्यांनी दिराशी बोलणे केले, भेट झाली आणि मनावरचे ओझे उतरले. हा प्रसंग त्यांनी आत्मचरित्राबाहेरही, आयुष्यात मिळालेला सर्वांत मोलाचा उपदेश म्हणून, सांगितलेला आहे.

ह्या प्रसंगाचे पडसाद ग्रंथात पुढे उमटतात. १९४६ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारताने मांडला. शिष्टमंडळाचे नेतृत्व श्रीमती पंडित ह्यांच्याकडे होते. ८ डिसेंबर रोजी ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी, म्हणजे आवश्यक त्या दोन-तृतीयांश बहुमताने, संमत झाला. विजयाच्या त्या क्षणी त्या प्रतिपक्षाचे नेते जनरल स्मट्स ह्यांच्याकडे गेल्या आणि वादात आपल्या हातून गांधीजींनी घालून दिलेल्या पातळीखाली काही बोलले गेले असल्यास त्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली. स्मट्स ह्यांनी ममतेने उत्तर दिले. पण हा विजय पोकळ ठरेल, असेही बजावले. एका प्रसंगात लेखिकेवर अन्याय झालेला आहे, तर दुसऱ्यात ती विजयी झालेली आहे. आचरणाचे सूत्र मात्र एकच आहे. ज्याच्याशी झगडा आहे त्याच्याशी माणुसकीचा व्यवहार तुटू द्यावयाचा नाही, हे ते सूत्र. दिराचा निरोप घेणारी विधवा आणि स्मट्सची क्षमा मागणारी राजप्रतिनिधी ही एकाच शिक्षणाची दोन रूपे आहेत. ग्रंथाच्या शीर्षकातील ‘सुख’ ह्या शब्दाचा अर्थही येथेच लागतो. सुख म्हणजे प्राप्ती असा अर्थ लेखिकेला अभिप्रेत नाही. मनात कटुता साठू न देण्याची शक्ती, असा तो अर्थ आहे. ह्या दृष्टीने पाहिल्यास वैधव्याचे लहानसे प्रकरण हे सबंध आत्मचरित्राचे केंद्र ठरते.

परंतु ह्याच ठिकाणी समीक्षकाने थोडे थांबले पाहिजे. दोन्ही प्रसंगांत एक महत्त्वाचा भेद आहे, आणि आत्मचरित्र तो पुरेसा पुढे येऊ देत नाही. स्मट्स ह्यांची क्षमा मागताना ठराव मागे घेतलेला नव्हता. अन्यायाविरुद्धचा लढा चालू होता. क्षमायाचना होती ती लढ्याच्या रीतीबद्दल. दिराच्या बाबतीत मात्र समेट झाला आणि त्याबरोबर प्रश्नही संपल्यासारखा झाला. मनाचे ओझे उतरले, हे खरे. कायद्याचे ओझे उतरले नाही. गांधीजींचा उपदेश व्यक्तीच्या अंतःकरणाला उद्देशून होता आणि त्या मर्यादेत तो निर्दोष आहे. पण आत्मचरित्रात तोच ह्या प्रकरणाचा समारोप होऊन बसल्यामुळे, एका सामाजिक अन्यायाचे रूपांतर नकळत एका खाजगी रुसव्यात होते. आणि रुसवा म्हटला की, तो सोडून देणे हेच शहाणपण ठरते.

शिवाय हे औदार्य कोणाला परवडते, हाही विचार करावयास हवा. श्रीमती पंडित ह्यांच्यापुढे मार्ग होता. जानेवारी १९४५ मध्ये व्हर्जिनियातील हॉट स्प्रिंग्ज येथे भरलेल्या पॅसिफिक परिषदेस त्या उपस्थित राहिल्या. पुढे व्याख्यानांचा दौरा करून त्यांनी स्वतःच्या कष्टाने अर्थार्जन केले. सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रसंघाची सनद तयार होत असता त्यांनी पारतंत्र्यातील भारताची बाजू अनधिकृतपणे पण प्रभावीपणे मांडली. वक्तृत्व, इंग्रजीवरील प्रभुत्व आणि नेहरू हे नाव ह्या तिन्ही गोष्टी त्यांच्याजवळ होत्या. ज्या विधवेजवळ ह्यांपैकी काहीच नाही, तिने दिराला क्षमा करावी म्हणजे काय करावे? तिच्या बाबतीत क्षमा आणि शरणागती ह्यांतील अंतर फारच थोडे उरते. विजयालक्ष्मीबाईंचे आचरण थोर होते, ह्याविषयी दुमत नसावे. पण ते आचरण सर्वांसाठी उत्तर होऊ शकत नाही, हे ग्रंथात स्पष्टपणे यावयास हवे होते. अनुभवातून सिद्धांत काढण्याचे सामर्थ्य असलेल्या लेखिकेने येथे अनुभवच पुरेसा मानला.

ह्यावर असा आक्षेप घेता येईल की, आत्मचरित्र हे कायदेसुधारणेचे निवेदन नव्हे, आणि स्वतःच्या दुःखाची जाहिरात न करणे हा दोष ठरू नये. आक्षेपात तथ्य आहे. ग्रंथाचा रचनाकाळही विसरता येत नाही. १९७७ च्या निवडणुकीत आणीबाणीच्या विरोधात श्रीमती पंडित आपल्या पुतणीविरुद्ध उभ्या ठाकल्या होत्या. त्यानंतर दोनच वर्षांनी हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. माहेरच्या घराण्यातील दुरावा सर्व जगापुढे आलेला असताना सासरच्या घराण्यातील जुना कलह उकरून काढण्यास त्या नाखूश असल्या, तर नवल नाही. तथापि मौन हे सभ्यतेचे लक्षण असले तरी वाङ्मयात त्याचे परिणाम होतातच. लेखकाने ज्या गोष्टीवर पडदा टाकला ती चरित्रकारांच्याही नजरेआड होते. अ‍ॅन गथ्री ह्यांच्या १९६२ च्या ‘मादाम अ‍ॅम्बॅसडर’ आणि व्हेरा ब्रिटन ह्यांच्या १९६५ च्या ‘एन्व्हॉय एक्स्ट्रॉर्डिनरी’ ह्या चरित्रग्रंथांची शीर्षकेच राजदूतपदावरून घेतलेली आहेत. राजदूत प्रसिद्ध झाली. त्या राजदूताला घडविणारी विधवा मागे राहिली.

मराठी वाचकाला ह्या संदर्भात रमाबाई रानडे ह्यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ ह्या १९१० सालच्या ग्रंथाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सार्वजनिक जीवनातील थोर पुरुषाच्या पत्नीने लिहिलेल्या आठवणींचा मराठीतील आदर्श तोच. परंतु रमाबाईंचा ग्रंथ न्यायमूर्तींच्या १९०१ मधील निधनापाशी थांबतो. त्यानंतर तेवीस वर्षे त्या जगल्या. पुण्याच्या सेवासदनाचे कार्य त्यांनी ह्याच काळात उभे केले. पण त्या आयुष्याला त्यांच्या ग्रंथात जागा नाही. पतीबरोबर पत्नीची कथाही संपते, हा त्या वाङ्मयप्रकाराचा संकेत होता. श्रीमती पंडित ह्यांनी तो संकेत मोडला. त्यांच्या आत्मचरित्रात पतीच्या मृत्यूनंतरचे आयुष्य हे उपसंहार म्हणून येत नाही. ग्रंथातील सर्वांत भरीव भाग तोच आहे. १९५३ मध्ये आमसभेच्या पहिल्या स्त्री-अध्यक्षा म्हणून झालेली निवड, १९५४ ते १९६१ ह्या काळातील लंडन येथील उच्चायुक्तपद आणि नोव्हेंबर १९६२ पासून ऑक्टोबर १९६४ पर्यंतचे महाराष्ट्राचे राज्यपालपद हे सर्व वैधव्यातील आहे. जे आडनाव कोकणातून राजकोटास गेले होते ते, एका विधवेच्या कर्तृत्वाने, मुंबईच्या राजभवनात आले. विधवेच्या आयुष्याला स्वतंत्र कथा असते, हे ह्या ग्रंथाने दाखवून दिले. आणि रमाबाईंच्या ग्रंथाशी तुलना केल्यावर हे श्रेय अधिकच उठून दिसते.

म्हणूनच जे सांगावयाचे राहिले त्याची उणीव अधिक जाणवते. १९५६ चा हिंदू वारसा अधिनियम अमलात आला तेव्हा श्रीमती पंडित लंडनमध्ये होत्या. त्या अधिनियमाने विधवेची मर्यादित मालकी संपून ती पूर्ण मालक झाली. मृत सहदायादाच्या मागे पत्नी वा कन्या असल्यास त्याचा हिस्सा इतर पुरुषांकडे आपोआप जाणे थांबले. रणजित पंडित ह्यांचे निधन त्यानंतर झाले असते, तर पत्नी व तिन्ही मुली पहिल्या वर्गातील वारस ठरल्या असत्या. मुलींना जन्मतःच सहदायादाचा दर्जा मिळण्यास मात्र २००५ ची दुरुस्ती यावी लागली. तोपर्यंत विजयालक्ष्मीबाईंच्या निधनालाही पंधरा वर्षे होत आली होती. १९४४ मधील वैयक्तिक अनुभव आणि १९५६ मधील कायदा ह्यांना जोडणारे प्रकरण लिहिण्यास त्यांच्याइतकी अधिकारी व्यक्ती दुसरी नव्हती. ते प्रकरण ग्रंथात नाही. वाचकाने ते स्वतःच जुळवून घ्यावयाचे आहे; आणि ते जुळविल्याशिवाय, दिराचा निरोप घेऊन अमेरिकेच्या वाटेला लागलेल्या त्या स्त्रीने काय मागे टाकले आणि काय बरोबर नेले, ह्याचा पुरता हिशेब लागत नाही.